वर्गातल्या खडू-कार्डशीटचे पैसे कुणी द्यायचे? (झेडपी शाळा, सातारा-सांगली)

खटावचा_मास्तर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज टाकतोच. झेडपी शाळेत वर्गासाठी जे बारीकसारीक लागतं ना, कार्डशीट, स्केचपेन, मार्कर, झेरॉक्स, लॅमिनेशन, डिंक, पहिलीच्या पोरांना मोजायला मणी, ते बऱ्याच ठिकाणी शिक्षक खिशातनं आणतो आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही, खुद्द शिक्षकालाही नाही. "असू दे हो, आपल्याच पोरांसाठी आहे" म्हणायचं आन् दुकानातनं बाहेर पडायचं.

सरकार पैसे देतच नाही असं मी म्हणणार नाही. देतं. सर्व शिक्षा अभियान होतं तेव्हा दर शिक्षकामागं वर्षाला ५०० रुपये शिक्षक अनुदान यायचं, फक्त शैक्षणिक साहित्यासाठी. शाळा अनुदान वेगळं, प्राथमिकला ५,००० आणि उच्च प्राथमिकला ७,०००. देखभाल-दुरुस्तीचं अजून वेगळं. पाचशेत काय होतंय म्हणून तेव्हा आम्हीच नाकं मुरडायचो पण ते पाचशे वर्गाचे होते, त्यातनं नळाची तोटी बसवू का असं कुणी विचारायचं नाही. पुढं ते बंद झालं, २०१८ ला समग्र शिक्षा आली, आता सगळं मिळून एकच संयुक्त शाळा अनुदान. त्यात लाईट बिल पण आलं, रंग पण आला, झाडू-फिनेल पण आलं आणि वर्गातलं साहित्य पार शेवटी उरलं तर.

तुमच्याकडं काय परिस्थिती आहे? शिक्षक, पालक, शाळा समितीवाले, सगळ्यांनी लिहा.

रोखठोक_मिरज

मास्तर राग मानू नका, पण सातव्या वेतन आयोगानंतर तुमचे पगार काय आहेत ते सगळ्या गावाला माहीत आहे. वर्षाला हजार-दोन हजाराची कार्डशीट आणली तर एवढं काय आभाळ कोसळतंय? आमचा फॅब्रिकेशनचा धंदा आहे, आम्ही पाना-पकड सरकारकडं मागत नाही.

पाटणची_बाई

@रोखठोक_मिरज, मी शिक्षणसेवक म्हणून लागलेय. मानधन १६,००० रुपये, तेही २०२३ पासून, त्याआधी ६,००० होतं. खोलीभाडं, गाडीचं पेट्रोल, पावसाळ्यात आमच्या खोऱ्यात एसटी कधी येईल याचा नेम नाही म्हणून गाडी लागतेच. पहिली-दुसरी एकत्र आहे माझ्याकडं. पगाराचा आकडा सगळ्यांचा एकच धरू नका दादा.

आणि तुमचा पाना तुमच्या धंद्यात कमाई करून देतो. माझ्या कार्डशीटवर मला काय मिळतंय?

रोखठोक_मिरज

बरं बाई, शिक्षणसेवकांचं मान्य. बाकीच्यांचं नाही.

हिशेबनीस_सातारा

मी जिल्हा परिषदेच्या अर्थ विभागातनं रिटायर झालोय, त्यामुळे थोडं कागदावरचं सांगतो, मग भांडा.

संयुक्त अनुदान पटावर ठरतं. पट ३० पर्यंत असेल तर १०,०००. ३० च्या वर १०० पर्यंत २५,०००. पुढे २५० पर्यंत ५०,०००, हजारापर्यंत ७५,००० आणि हजाराच्या वर १ लाख. यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर घालायचे. केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०. आणि कशावर खर्च करायचा ती यादी वाचा एकदा, बंद पडलेली उपकरणं बदलणं, खेळाचं साहित्य, प्रयोगशाळा, वीज, इंटरनेट, पाणीपट्टी, आणि या रांगेत शेवटी "शैक्षणिक साहित्य इ." मास्तर म्हणतात ते बरोबर आहे, "इ." च्या एक पायरी अलीकडं आहे बिचारं.

आता जावळीतली नाहीतर पाटणची १८ पटाची शाळा घ्या. १०,००० मंजूर. हजार स्वच्छतेला गेले. लाईट बिल आलंच. स्टेशनरी म्हणजे हजेरीपट, रजिस्टरं, ते आलं. एखादा पत्रा उडाला तर संपलाच विषय. आणि मंजूर आहेत म्हणजे जूनमधे हातात पडले असं कुणी समजू नका.

ग्रंथालयाचं अनुदान वेगळं असतं, प्राथमिकला ५,०००, खेळाचंही वेगळं ५,०००. पण ते त्याच हेडवर, म्हणजे ठरलेल्या खर्चाच्या खात्यावरच खर्ची टाकायचं, इकडचं तिकडं चालत नाही.

वाईकर_बाई

हिशेबनीस काका, खर्च कसा टाकायचा त्याचीच गंमत सांगते.

पहिलीला संख्याज्ञान शिकवायला सगळ्यात भारी साहित्य म्हणजे चिंचोके. दहाचे गठ्ठे करायचे तर आइस्क्रीमच्या काड्या आणि रबरबँड. आठवडी बाजारात एक आजी बसतात, त्यांच्याकडं चिंचोके मापानं मिळतात, मणी मिळतात, जुन्या बांगड्या पण देतात त्या. मी दोन वेळा पिशवी भरून आणली, झाले असतील दीडशे रुपये. हे शाळेच्या अनुदानातनं कसं दाखवायचं सांगा? पैसे पीएफएमएसमधनं, सरकारच्या ऑनलाइन पेमेंट यंत्रणेतनं जायला पाहिजेत, म्हणजे आजींचं बँक खातं, आयएफएससी, व्हेंडर म्हणून नोंद, मग मुख्याध्यापक एंट्री करणार, अध्यक्ष मान्यता देणार, मग प्रिंटेड अॅडव्हाइस काढून बँकेत. आजी म्हणाल्या, "बाई, सुट्टं असलं तर द्या."

मग होतं काय, तालुक्यातल्या सप्लायरकडनं प्लास्टिकचं किट येतं. पक्कं बिल, जीएसटी, शिक्का, सगळं व्यवस्थित. किटातल्या मण्यांना भोकं एवढी बारीक की पोरांना दोरा ओवता येत नाही. ते किट कपाटात आणि माझे चिंचोके बरणीत. ऑडिटला मात्र किट दिसतं.

खटावचा_मास्तर

बाई 😂 आमच्याकडंही पेट्या आहेत. गणित पेटी, भाषा पेटी, इंग्रजी पेटी. काही साहित्य खरंच चांगलं आहे, नावं ठेवत नाही, मणीमाळ आणि दशक-सुट्टे ठोकळे तर रोज वापरतो. पण एक ठोकळा हरवला तर काय करायचं हे कुणी सांगत नाही म्हणून काही शाळांत पेटीला कुलूपच.

जतकडचा_गडी

म्या शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष हाय, जत तालुका, द्राक्षाची बाग बी हाय थोडी. आमास्नी सांगितलं की आरटीई म्हंजी शिक्षण हक्क कायद्यानं समितीत ७५ टक्के पालक पायजेत, निम्म्या बायका पायजेत, खर्चाचा ठराव तुमीच करायचा. लय भारी वाटलं. मग कळलं की ठराव करायच्या टायमाला पैसं न्हाईत आन् पैसं येत्यात तवा ठराव करायला टाइम न्हाई. मार्चच्या शेवटाला हेडमास्तरांचा फोन, "अध्यक्ष, आजच्या आज ओटीपी पायजे, ३१ तारखेला लिमिट परत जातीया." मी बागंत औषिद मारतोय, हातात ग्लोज. ओटीपी सांगिटला. काय घेतलं? तर म्हणं व्हाइटबोर्ड. आवो पोरांची परीक्षा तोंडावर आली, आता व्हाइटबोर्ड कशापायी? जूनला पायजे व्हता.

हेडमास्तर चांगला माणूस हाय, त्येची चूक न्हाई. पैसंच तवा आलं.

हिशेबनीस_सातारा

अध्यक्षसाहेब, ओटीपी फोनवर कुणाला सांगत जाऊ नका, हेडमास्तरलासुद्धा. बाकी तुमचं खरं आहे. पूर्वी शाळेच्या खात्यावर पैसे जमा व्हायचे, उरले तर पुढच्या वर्षी समायोजन. आता खातं झिरो बॅलन्स, शाळेला फक्त खर्चाची मर्यादा मिळते. व्याजावर पैसे पडून राहायचे ते थांबलं, केंद्राच्या बाजूनं बघितलं तर शहाणपणाचं आहे. त्रास झाला तो शाळेला, कारण शाळेचं वर्ष जूनला सुरू होतं आणि सरकारचं एप्रिलला, आणि पहिला हप्ता या दोन्हींत कशालाच जुळत नाही.

कृष्णाकाठ

सांगलीतनं लिहितोय, पालक आहे. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं होतं, आमच्या भागातल्या शाळेत फळ्याच्या वरपर्यंत चिखलाची रेघ होती. पूर ओसरल्यावर मदतीचा दुसरा पूर आला. वह्या, दप्तरं, कंपास पेट्या, इतक्या की एकेका पोराला तीन-तीन दप्तरं. गाड्या यायच्या, बॅनर लावायचे, फोटो, गेले. देणाऱ्यांबद्दल कृतज्ञताच आहे, गैरसमज नको. पण वर्गशिक्षिकेचं जे वाहून गेलं, वर्षानुवर्षं बनवलेली शब्दकार्डं, तक्ते, गोष्टींची पुस्तकं, ते कुणी विचारलंच नाही. तिनं पुढं दिवाळीपर्यंत रोज संध्याकाळी बसून परत कार्डं लिहिली, आमच्या घरी पण पाठवली होती थोडी कापायला.

लोकसहभाग लोकसहभाग म्हणतात तो असाच असतो. फोटोत जे चांगलं दिसतं त्याला पैसा मिळतो. टीव्ही मिळेल, कमान मिळेल, भिंतीला रंग मिळेल. झेरॉक्सचं बिल कोण भरणार? त्याच्यावर देणगीदाराचं नाव कुठं लिहायचं?

रोखठोक_मिरज

कृष्णाकाठ यांच्याशी सहमत. मी स्वतः एका शाळेला कपाट दिलंय, नाव पेंट करून. आता वाटतंय त्यात भरायला काय आहे ते विचारायला पाहिजे होतं.

पण तत्त्वाचा मुद्दा सोडत नाही. आपण साताऱ्या-सांगलीची माणसं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी मुष्टिफंडावर बोर्डिंग चालवलं, घराघरातनं मूठ मूठ धान्य. १९१९ ला कराडजवळच्या काल्यात रयत शिक्षण संस्था स्थापन झाली तेव्हा कुठलं पीएफएमएस होतं? लोकांनीच शाळा उभ्या केल्या ना?

खटावचा_मास्तर

रोखठोकराव, बरं झालं मुष्टिफंडाचं काढलंत. मूठ कोण देत होतं? घराघरातली बाई. गाव देत होतं. एकट्या गुरुजीनं स्वतःच्या कणगीतनं पोती काढून बोर्डिंग चालवावं असं कर्मवीरांनी कुणाला सांगितलं नव्हतं. आज गावाची मूठ म्हणजे टॅक्स. तो तुम्ही भरता, मी पण भरतो, पगारातनं कापूनच येतो. मग त्या मुठीतलं थोडं माझ्या वर्गात येऊ द्या एवढंच म्हणणं.

मिरज_ते_ऑर्लँडो

मूळचा मिरजेचा, बायको इथं फ्लोरिडात पब्लिक स्कूलमधे एलिमेंटरीला शिकवते, म्हणून लिहितो. अमेरिकेत सगळं सरकार देत असेल असं वाटत असेल तर तसं नाही. २०१५-१६ च्या सरकारी सर्व्हेत ९४ टक्के पब्लिक स्कूल शिक्षकांनी स्वतःचे पैसे वर्गावर घातले होते, सरासरी ४७९ डॉलर. इन्कम टॅक्समधे शिक्षकाला त्याची वजावट मिळते, २००२ पासून २५० डॉलरपर्यंत होती, २०२२ ला ३०० झाली. वजावट म्हणजे पैसे परत नाहीत हां, तेवढ्या रकमेवरचा टॅक्स वाचतो इतकंच. तिकडं २००० साली ब्राँक्समधल्या एका शिक्षकानं डोनर्सचूज म्हणून वेबसाइट काढली, शिक्षक लिहितो मला अमुक पाहिजे, लोक पैसे देतात. चांगली चालते, पण हिला ते आवडत नाही, म्हणते पेन्सिलीसाठी इतकी गयावया करणारा निबंध कशाला लिहायचा.

फ्लोरिडाचं एक मात्र घेण्यासारखं. राज्य सरकार वर्गसाहित्यासाठी दरवर्षी ठरावीक रक्कम थेट शिक्षकाला देतं. कोटेशन नाही, प्रिन्सिपॉलची सही नाही. शिक्षकानं लिहून द्यायचं की वर्गासाठीच वापरीन, पावत्या चार वर्षं जपायच्या, उरले तर परत करायचे. संपलं. पुरतात का? नाही पुरत. पण वर्ष सुरू होताना हातात असतात.

पाटणची_बाई

"वर्ष सुरू होताना हातात." हे एवढंच झालं तरी पुष्कळ आहे. रक्कम नंतर वाढवा.

सह्याद्रीचा_वारा

हे सगळं ठीक पण जुनी पेन्शन दिली असती तर शिक्षकांनी स्वतःच आनंदानं खर्च केला असता. पेन्शनवर कुणी बोलत नाही

संपादक_मंडळ

@सह्याद्रीचा_वारा, पेन्शनचा धागा वेगळा आहे आणि तो अजून जिवंत आहे. इथं साहित्यावरच बोलू.

अनुदानित_पण_कोरडा

झेडपीवाल्यांना निदान काहीतरी येतं. आम्ही खाजगी अनुदानित हायस्कूलवाले, आमचं वेतनेतर अनुदान मधे कित्येक वर्षं बंदच होतं, २०१३ पासून ५ टक्क्यांनं परत सुरू केलं म्हणतात. त्यात प्रयोगशाळेची रसायनं, खडू, लाईट, सगळं. विज्ञानाच्या सरांना अॅसिडची बाटली आणायची तरी संस्थेला तीनदा अर्ज. पोरं प्रयोग फळ्यावर बघतात, आकृती काढतात, "निरीक्षण: रंग बदलला" असं लिहितात. कुणाचा रंग बदलला देवाला माहीत.

वाईकर_बाई

मला एक वेगळाच मुद्दा मांडायचाय, कुणी बोललं नाही म्हणून. बदलीचा.

आम्ही खिशातनं साहित्य करतो, मग बदली झाली की ते घेऊन जातो. का नाही घेऊन जायचं, आमचं आहे ते. माझ्या आधीच्या बाई ऑनलाइन बदलीत गेल्या, जाताना टेम्पोत त्यांचे तक्ते, कथाकार्डं, कठपुतळ्या, सगळं. त्यांचा हक्क होता, मी पण तेच करीन. पण मी वर्गात पाऊल टाकलं तेव्हा भिंतीवर नुसते चिकटपट्टीचे चौकोन होते. पोरं दुसरीची, त्यातली एक मुलगी बोट दाखवून म्हणाली, हितं ससा होता, हितं कासव. म्हणजे शाळेनं पोरांना काय दिलं? बाई आहेत तोवर ससा आहे.

पैसा सरकारी असता तर ससा शाळेचा राहिला असता. रोखठोक दादा, तुम्ही पगार बघता, हे पण बघा. शिक्षकानं खिशातनं घालणं म्हणजे नुसता शिक्षकाचा तोटा नाही.

रोखठोक_मिरज

हे मात्र मी असं कधी पाहिलं नव्हतं. ठीक आहे बाई, मुद्दा पटला. पण मग सरकारी पैशातनं घेतलेल्याचा हिशेब कोण ठेवणार? डेडस्टॉकला प्रत्येक ससा चढवणार का?

हिशेबनीस_सातारा

चढवायचा नसतो प्रत्येक ससा. वापरून संपणाऱ्या वस्तू साठा रजिस्टरला आवक-जावक, टिकाऊ वस्तू डेडस्टॉकला. लॅमिनेट केलेले तक्ते एकगठ्ठा एका ओळीत घ्या, "तक्ते संच, इयत्ता दुसरी", झालं. बदलीच्या वेळी चार्ज देताना ती ओळ वाचून सही. आमच्या काळात खडूफळा योजनेचं साहित्य आलं होतं, १९८७ ची ती योजना, दोन खोल्या, दोन शिक्षक आणि साहित्याचा संच. त्यातला पृथ्वीगोल कितीतरी शाळांत अजून डेडस्टॉकला आहे, पृथ्वीचा आस मोडलाय पण नोंद शाबूत.

खटावचा_मास्तर

काका 😄

मग मागणी काय करायची ते ठरवू. निपुण भारतमधे, म्हणजे पायाभूत वाचन-गणिताच्या केंद्राच्या अभियानात, दर विद्यार्थी ५०० रुपये साहित्याला आणि दर शिक्षक १५० असं निकषात आहे, पण आमच्यापर्यंत ते छापील पुस्तिका आणि पेट्या म्हणून येतं, रोख नाही. ते वरून बदलणं आपल्या हातात नाही. जिल्ह्याच्या पातळीवर काय होऊ शकतं?

हिशेबनीस_सातारा

जिल्हा परिषदेचा सेस फंड असतो, म्हणजे स्वतःच्या उत्पन्नाचा निधी. त्यातनं दर वर्गशिक्षकाला जूनमधे छोटं अग्रीम, म्हणजे आगाऊ रक्कम, द्यायचं आणि दिवाळीच्या सुट्टीआधी पावत्या जमा करून समायोजन, अशी योजना सर्वसाधारण सभेत मंजूर होऊ शकते. नवीन हेड उघडावं लागेल. आणि एक अट त्यात नक्की घाला, ठरावीक मर्यादेपर्यंत साध्या पावतीवर खर्च ग्राह्य, म्हणजे बाईंच्या बाजारातल्या आजीपण बसतील. नाहीतर अग्रीम मिळेल आणि परत सप्लायरच्या दारात जाल.

ग्रामपंचायतीकडं वित्त आयोगाच्या निधीचा अबंधित, म्हणजे ठरावीक कामालाच न बांधलेला, भाग असतो, त्यात शाळेचं लाईट बिल बसवता येतं का ते ग्रामसेवकाला विचारा. बिल तिकडं गेलं तर संयुक्त अनुदानातले तेवढे पैसे वर्गाला सुटतात.

जतकडचा_गडी

लाईट बिलाचं आमच्यात झालंय. सरपंच म्हणला, गावच्या दिव्यांचं बिल भरतोय त्यात शाळंचं एक मीटर काय जड न्हाई. दोन वर्सं झाली. आता १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत साहित्याचं बी काढतो. पर मला लिवून द्या कुनीतरी, तोंडी बोललं की ग्रामसेवक "बघू" लिवतोय.

खटावचा_मास्तर

हे घ्या, कच्चा मसुदा, दुरुस्त्या सांगा:

"मौजे ___ येथील जि. प. शाळेच्या सर्व वर्गांसाठी शैक्षणिक साहित्य खरेदीकरिता ग्रामपंचायतीने दरवर्षी जून महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात शाळा व्यवस्थापन समितीस प्रति वर्ग रु. ___ द्यावेत. खर्च वर्गशिक्षकाने करावा, पावत्या समितीपुढे ठेवाव्यात. खरेदी केलेले टिकाऊ साहित्य शाळेच्या मालकीचे राहील व शिक्षकाच्या बदलीनंतर शाळेतच राहील. शाळेचे वीजबिल ग्रामपंचायत भरेल."

पाटणची_बाई

"प्रति वर्ग" लिहू नका सर. आमच्याकडं दोन वर्ग एका खोलीत आणि शिक्षिका एकच, ग्रामसेवक म्हणेल एकच वर्ग दिसतोय. "प्रति इयत्ता" लिहा.

रोखठोक_मिरज

आणि पावत्या नुसत्या समितीपुढं नको, शाळेच्या बोर्डावर लावा. माझा टॅक्स आहे त्यात, मला येता-जाता वाचता आलं पाहिजे. रकमेच्या रिकाम्या जागेत हजाराच्या खाली लिहू नका, मागायचंच तर नीट मागा.

वाईकर_बाई

बोर्डावर लावू की. "चिंचोके, दोन मापं" पण लावीन.

जतकडचा_गडी

प्रति इयत्ता केलं, बोर्डाचं घातलं. प्रिंट काडून ठिवतो. आमच्यात पैली ते चौथी हाय, म्हंजी चार इयत्ता, मंजूर हुईल का न्हाई ते सभा झाल्यावर हितंच कळवतो. हिशेबनीस काका, खाली सही निस्ती माझी चालंल का समितीतल्या समद्यांची पायजे?

हिशेबनीस_सातारा

सगळ्यांच्या घ्या. आणि अर्ज सभेच्या दिवशी देऊ नका, आधी देऊन पोच घ्या, म्हणजे विषयपत्रिकेवर येईल.